बाहुल्याला वय नसतं

“बाई, ऐकलं का? तात्या विंचू परत येतोय म्हणे.”

आक्का बातमी अशी सांगतात की क्षणभर वाटावं, हा तात्या त्यांच्या वेल्ह्याकडचा कोणी पाहुणा असणार आणि शेवटच्या एस.टी.नं भोरला उतरणार. कुंपणापलीकडे त्यांच्या हातात सूप, सुपात इंद्रायणी तांदूळ. अलीकडे मी, चादरी वाळत घालणारी. मधला कडीपत्ता कोणाचा, हा वाद तूर्त बाजूला आहे.

“झपाटलेला तीन,” मी म्हटलं. “महेश कोठाऱ्यांनी जाहीर केलंय.”

“तीन? मग दोन कधी झाला?”

“2013 ला. थ्रीडी होता, चष्मा लावून बघायचा.”

“म्हंजे राहिलाच माझा. एक चष्मा सांभाळता सांभाळता जीव जातोय, त्यावर दुसरा कुठं चढवू? पहिला मात्र पाहिलाय हां. मेंगाईच्या जत्रेत, तंबूत. पुढं पाय ठेवायला जागा न्हाई, मग बसलो पडद्याच्या मागल्या अंगाला. पाट्या उलट्या, डावा हात उजवीकडं. पण लक्ष्याची बोबडी वळली, ती मागनंसुद्धा सरळच दिसली बघा.”

‘झपाटलेला’ 1993 चा. हॉलिवुडमध्ये 1988 साली ‘चाइल्ड्स प्ले’ नावाचा खुनी बाहुल्याचा सिनेमा आला होता, कल्पना तिकडची. पण रामदास पाध्यांनी घडवलेला तात्या विंचूचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज यांमुळे तो असा काही मराठी झाला की मूळचा परदेशी असेल असं कोणाच्या मनातही येत नाही. मी हे सगळं शाळेतल्यासारखं सांगायला लागले, तेव्हा आक्कांनी सूप एकदा जोरात पाखडलं. पुरे, असा त्याचा अर्थ.

“आता तिसऱ्यात लक्ष्या कोण?”

खरी मेख इथेच आहे. लक्ष्या म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, आणि ते जाऊन किती वर्षं झाली! डिसेंबर 2004. दुसऱ्या भागात लक्ष्याचा मुलगा दाखवला आणि ते काम आदिनाथ कोठारेनं केलं, म्हणजे दिग्दर्शकाच्याच मुलानं. बाहुला मात्र तोच.

“बाहुल्याचं बरंय,” आक्का म्हणाल्या. “वय न्हाई, गुडघं दुखत न्हाईत. पण बाई, आपण बाहुल्याला कुठं भीत होतो? लक्ष्या भ्यायचा, म्हणून आपण हसत होतो. भिणाराच न्हाई राहिला, तर ते लाकूड घेऊन काय चुलीत घालायचंय?”

मराठी सिनेमाच्या समीक्षकांनी लिहून ठेवावं असं वाक्य आहे हे, पण आक्कांना समीक्षक वगैरे चालत नाहीत.

“हल्ली काँप्युटरवर माणूस उभा करता येतो,” मी भीत भीत सुचवलं. “गेलेला नटसुद्धा. लक्ष्यालाही तसाच आणणार, असं बोलतात.”

“नका सांगू. धाकट्यानं परवा आमच्या सासूबाईंचा फोटो मोबाईलवर हसरा करून दाखवला. चांगल्या मान हलवून हसल्या. हयातीत कधी हसल्या न्हाईत हो त्या! मला तर वाटलं, आता विचारतात, तुपाचा डबा कुठं ठेवलास.”

आमच्या हसण्यानं पलीकडच्या वहिनी गच्चीवर आल्या आणि तिथूनच त्यांनी भर घातली, “नवरा माझा नवसाचा पण आला की हो दुसरा! आम्ही पुण्याला जाऊन पाहिला.” तो सप्टेंबर 2024 मध्ये लागला. पहिला 2005 चा. पहिल्यात सचिन आणि सुप्रिया नवस फेडायला एस.टी.नं गणपतीपुळ्याला जातात आणि अशोक सराफ कंडक्टर असतात. दुसऱ्यात कोकण रेल्वे, आणि अशोकमामा टीसी.

“बढती झाली म्हणायची,” आक्का म्हणाल्या. “पण नवस एकदा फेडला की फेडला. पुन्हा कसला? देवाला तरी हिशोब नको का?”

“अहो, आता त्यांची लेक मोठी झालीय, स्वप्नील जोशी आहे,” वरून उत्तर आलं. “आणि हसायला येतं की!” वहिनींचं म्हणणं मी खोडणार नाही. त्या सिनेमात माणसं होती. वीस वर्षांनी थकलेली, पण तीच. थिएटरात टाळी पडते ती कथेला पडत नाही. अशोकमामा अजून उभे आहेत, याला पडते. ‘अशी ही बनवाबनवी’चा दुसरा भाग काढा म्हणून कोणी कितीही गळ घालो, 1988 मधल्या त्या चौघांतले सिद्धार्थ रे आणि लक्ष्या 2004 या एकाच वर्षात गेले. घरमालक सरपोतदार झालेले सुधीर जोशीही नाहीत. भाडेकरू निम्मे, मालक नाही. खोली कोणाला द्यायची?

‘दे धक्का’चं उदाहरण त्याच्या उलट. 2008 चा पहिला म्हणजे एक घर एका खटारा गाडीत कोंबून मुंबईला निघालेलं. 2022 च्या दुसऱ्यात मंडळी थेट लंडनला. माझं मत विचाराल तर गंमत त्या गाडीला धक्का मारण्यात होती. विमानाला धक्का कोण मारणार? (वहिनींना तोही आवडला होता. त्यांना सगळंच आवडतं, सुखी बाई आहे.)

“पण हे काढतात कशापायी? नवं सुचत न्हाई?”

सुचत असावं, पण नव्या नावाची ओळख करून द्यायलाच निर्मात्याचा निम्मा खिसा रिकामा होतो. लोकांना नाव कळेस्तोवर सिनेमा उतरलेला असतो. ‘टाइमपास’ म्हटलं की दगडू आणि प्राजू आपोआप आठवतात, म्हणून 2014 नंतर 2015 आणि 2022 असे त्याचे तीन झाले. ‘मुंबई-पुणे-मुंबई’चेही तीन. त्यांची गाडी भोरला वळली नाही इतकंच. आणि दुसरं काहीच न करता जुनाच सिनेमा पुन्हा लावला तरी चालतो, हा शोध अलीकडचा. ‘तुंबाड’ 2018 मध्ये आला तेव्हा फारसं कोणी फिरकलं नाही. सप्टेंबर 2024 मध्ये परत लावला, तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला. त्यातला वाडा सासवडचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. ‘सैराट’ही मार्च 2025 मध्ये पुन्हा लागला. मला हा प्रकार जास्त प्रामाणिक वाटतो. जुनं आहे ते जुनं म्हणून दाखवा, नवी कल्हई नको.

आक्कांना हे पटलं नाही. “मग आमच्या राजांचं काय? ते तर दर साली नवं काढतात, आणि आम्ही दर साली जातो.”

इथे मला गप्प बसावं लागलं. दिग्पाल लांजेकरांचं शिवराज अष्टक म्हणजे ‘फर्जंद’पासून चाललेली मालिकाच. 2022 ला ‘पावनखिंड’ लागला तेव्हा भोर तालुक्यातनं माणसं गाड्या करून गेली, कारण बाजीप्रभू शिंदचे. येसाजी कंक भुतोंड्याचे, भाटघरच्या पाण्याला त्यांचंच नाव. तान्हाजींची गोष्ट तर मराठी सिनेमा शंभर वर्षं सांगतोय. 1923 ला बाबूराव पेंटरांचा मूक ‘सिंहगड’, त्यात शेलारमामा झाले होते व्ही. शांताराम. पुढं 1933 ला त्यांनीच प्रभातसाठी ‘सिंहगड’ बोलका केला. मग 2020 ला हिंदी, 2023 ला ‘सुभेदार’. यांना कोणी भाग दोन, भाग तीन म्हणत नाही.

“त्याला कीर्तन म्हणतात,” आक्का म्हणाल्या. “बुवा बदलतो. आमच्या वेल्ह्याचं आता राजगड झालं, तरी कंडक्टरला मी वेल्हेच सांगते आणि तो बरोबर उतरवतो. नाव नवं, गाव तेच. तुमच्या सिनेमावाल्यांचं उलटं. नाव जुनं, आणि उतरून बघावं तर गाव भलतंच.”

“प्रभातचा ‘शेजारी’ माहितीय का, आक्का? 1941 चा. दोन म्हातारे शेजारी, एक पाटील, एक मिर्झा. गावात धरण येतं आणि दोघांत फूट पडते. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार.”

“धरणावरनं भांडण? म्हंजे आपल्याकडचंच. त्याचा काढा की दुसरा.”

“शेवटी धरण फुटतं, दोघंही जातात.”

“मेले? मग ऱ्हाऊ द्या.” त्यांनी सूप उचललं, जाता जाता कडीपत्त्याची एक डहाळी सहज मोडून घेतली आणि कुंपणावर पुन्हा वाकल्या. “तात्या विंचू लागला की सांगा, मी येणार. पण लक्ष्या काँप्युटरातला असला, तर तिकीट तुम्ही काढायचं.”