हरभऱ्याच्या झाडाखालचे गृहस्थ

मिस्टर क्राइम यांना स्वतःचा असा उद्योग नव्हता; दुसऱ्याला उद्योगाला लावणं हाच त्यांचा उद्योग. भुतासारखे पांढरेफटक, डोक्यावर उंच हॅट, तोंडात सुळे. मुक्काम अमेरिकेतल्या ‘क्राइम डझ नॉट पे’ या दहा सेंटांच्या कॉमिकमध्ये. प्रकाशक लेव्ह ग्लीसन यांनी ते १९४२ साली या नावाने सुरू केलं आणि चार्ल्स बिरो व बॉब वुड या संपादकांनी या गृहस्थांना गोष्ट सांगायला बसवलं.

पण नुसतं सांगून गप्प बसतील तर ते मिस्टर क्राइम कसले! एखादा होतकरू चोर दुकानासमोर घुटमळला, की हे त्याच्या कानाशी. मालक म्हातारा आहे, गल्ला भरलेला आहे आणि तुझ्यासारखा हुशार माणूस घाम गाळून जगतोय, असा एकंदर सूर. गंमत म्हणजे ते गोष्टीतल्या कोणालाच दिसत नसत, फक्त वाचकाला दिसत. त्यामुळे पोलिसांनी पकडायचं तर सोडाच, साक्षीलाही बोलवायची सोय नव्हती.

आरंभी पाठ थोपटायची, मध्ये पिस्तूल उगारायला चिथवायचं आणि चेला विजेच्या खुर्चीपर्यंत पोचला, की वाचकाकडे वळून वाईट मार्गाचे परिणाम समजावायचे. हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे पुष्कळ असतात. खाली उभं राहून गुरुत्वाकर्षणावर व्याख्यान देणारे हे एकच.

१९५० च्या सुमारास त्यांच्यासारखाच गोष्ट सांगणारा, ईसी कॉमिक्सच्या भयकथांमधला क्रिप्ट-कीपर आला. तो प्रेतांवर कोट्या करून खिदळे, पण संतपणाचा आव फारसा आणत नसे.

मिस्टर क्राइम यांचं घरही त्यांच्याच वळणाचं. मुखपृष्ठावर ‘क्राइम’ हा शब्द हत्तीएवढा आणि ‘डझ नॉट पे’ मुंगीएवढं. १९५४ साली सेनेटच्या उपसमितीने कॉमिकवाल्यांची झडती घेतली, तेव्हा घाबरून त्यांनी स्वतःच आचारसंहिता केली. तीत एक कलम असं, की शीर्षकातला ‘क्राइम’ हा शब्द बाकीच्या शब्दांपेक्षा फार मोठा छापायचा नाही. तोवर खून, दरोडे सगळं पचलं होतं. आता घोडं अक्षरांच्या मापातही अडलं. १९५५ साली कॉमिक बंद पडलं.

गुन्ह्यातून दमडी मिळत नाही, हे त्यांचं म्हणणं मात्र सोळा आणे खरं. अंकामागे दहा सेंट तेवढे मिळत.