वऱ्हाडात मेंटॉर कसे व्हावे

वऱ्हाडात शेतकरी, मास्तर, वकील आणि पुढारी यांच्या जोडीला आता मेंटॉर ही नवी जमात वाढीला लागली आहे. १६ जानेवारी २०१६ ला दिल्लीत स्टार्टअप इंडियाचा नारळ फुटला, २०१८ पासून कॉलेजाकॉलेजांत इनोव्हेशन कौन्सिलं निघाली, इनक्युबेशन सेंटरच्या पाट्या लागल्या. नवीन काही करू पाहणारे पोट्टे आपल्याकडे आधीपासूनच होते. टंचाई होती ती त्यांना सांगणाऱ्यांची. ती भरून निघावी म्हणून अमरावती-अकोल्यातल्या होतकरू मेंटॉरांसाठी हे मार्गदर्शन. स्वतः धंदा केलेला असण्याची अट नाही. केला असेल आणि बुडाला असेल तर परिचयात ‘अनुभवी उद्योजक’ लिहावे.

सुरुवात सत्काराने करावी. कार्यक्रम अकराचा असतो म्हणजे सव्वाबाराला पोचले तरी आपण लवकरच आलो असे होते. शाल, श्रीफळ, हल्ली पुष्पगुच्छाऐवजी कुंडीतले रोप. मग आपला परिचय. तो आपणच लिहून पाठवलेला असतो, पण ऐकताना खाली बघून थोडे संकोचावे. त्यानंतर आपण स्टीव्ह जॉब्सच्या गॅरेजची गोष्ट सांगावी. दर्यापूर-अंजनगावकडे घराला गॅरेज नसते, कोठा असतो आणि त्यात म्हैस असते, हा तपशील आड येऊ देऊ नये. एवढे होईस्तोवर गिलावड्याची वेळ होते. उरलेल्या वेळात मुलांना तीन-तीन मिनिटे द्यावीत. मात्र सर्वांत आधी फोटो. फोटोवर अक्षांश-रेखांश आणि वेळ उमटली पाहिजे, कारण कौन्सिलला वर्षअखेरीस तारे मिळतात ते अहवालावर, आणि अक्षांश नसलेले मार्गदर्शन झाले असे कोणी धरत नाही.

बाहेरगावच्या मेंटॉरांची एक मोठी अडचण अलीकडे दूर झाली. पूर्वी माणूस रेल्वेने यायचा आणि संध्याकाळच्या मुंबई एक्सप्रेसपर्यंत अमरावतीतच अडकायचा. तेवढ्यात एखादा पोट्टा त्याला गाठायचा, वर्कशॉपात न्यायचा, मशीन दाखवायचा. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान सुरू झाले. आता घड्याळाकडे बघून उठायला भारदस्त कारण मिळाले आहे.

आता प्रत्यक्ष मार्गदर्शन. समजा, मूर्तिजापूरकडचा एक पोट्टा आला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने काढलेली पीकेव्ही मिनी दालमिल गावोगावच्या बचत गटांनी घेतली, हे त्याने लहानपणापासून पाहिले आहे. तूर ही हट्टी वस्तू. तिचे टरफल आतल्या दाळीला डिंकासारखे चिकटलेले. ते सुटावे म्हणून दाणे आधी रोलरवर खरडतात, तेल-पाणी लावतात, उन्हात वाळवतात, मग भरडतात. म्हणजे मिलला वीज लागते तितकेच ऊनही लागते. पोट्टा म्हणतो, “सर, पावसाच्या दिवसात तूर वायतच नाही. तेल-पाणी लावून ठेवली का बुरशी धरते. दालमिल बसून रायते अन् बाया म्हनते, हप्ता कुठून भरावं?” म्हणून त्याने एक ड्रायर केला आहे. खाली पऱ्हाटीच्या काड्यांची भट्टी, वर जाळीचे ट्रे, बाजूला पंखा.

इथे नवखा मेंटॉर घसरतो. तो विचारतो, एका वेळी किती तूर वाळते? काड्या किती लागतात? कोणत्या गटाने वापरून पाहिला? असले प्रश्न अजिबात विचारू नयेत. उत्तर मिळाले तर ते समजून घ्यावे लागते, आणि नाही मिळाले तर मूर्तिजापूरला जावे लागते. मुरलेला मेंटॉर खुर्चीला टेकून दोनच शब्द उच्चारतो: “स्केलेबिलिटी काय?” पोट्टा गप्प झाला की मायेने पुढे सरकावे. “ड्रायर सोड रे. ॲप कर. ज्याच्याकडे ओली तूर आहे आणि ज्याच्याकडे ऊन आहे, त्यांना जोडून दे.”

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मेंटॉरने ॲप सोडायला सांगून पाकीटबंद डाळ दुबईला पाठवायचे सुचवावे. तिसरे सीए असतात. ते म्हणतात, आधी प्रायव्हेट लिमिटेड कर. चौथे बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना प्रोजेक्ट रिपोर्ट बांधणी केलेला लागतो. पाचव्यांनी ट्रेमध्ये एआय घालायला सांगितले की मंडळ पूर्ण झाले. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी टेकस्टार्स या स्टार्टअप घडवणाऱ्या संस्थेने २००७ मध्ये पहिली तुकडी घेतली, तेव्हापासून तिच्या कार्यक्रमांत सुरुवातीच्या दिवसांत मुलांना ढीगभर मेंटॉरांपुढून मुद्दाम फिरवतात. त्या उलटसुलट सल्ल्यांनी पोरांची डोकी गरगरतात, हे त्यांनाही ठाऊक आहे. फक्त तिथे पोरांना बजावतात की सगळ्यांचे ऐका, ठरवा तुमचे तुम्ही. आपल्याकडे प्रत्येक सल्ल्यापुढे सही लागते.

ही सहीच आपली खरी ताकद. एप्रिल २०२१ मध्ये केंद्राने ९४५ कोटींचा सीड फंड आणला. त्यात नमुना तयार करायला एका स्टार्टअपला २० लाखांपर्यंत अनुदान ठेवले, पण ते इनक्युबेटरमार्फत, टप्प्याटप्प्याने. ज्या टेबलावरून सल्ला येतो त्याच टेबलावरून हप्ता सुटतो म्हटल्यावर कोणता पोट्टा म्हणेल, “सर, तुमचं चुकते”? तो मान डोलावतो. त्या डोलण्याला शिकण्याची वृत्ती समजावे आणि अहवालात तसे लिहावे. दोन महिन्यांनी ड्रायरला लोगो, ॲप आणि टचस्क्रीन आलेली असते. ट्रे तेच असतात.

डेमो डेला एक काळजी घ्यावी. शोभेसाठी बचत गटाच्या एकदोन बायांना पुढच्या रांगेत बसवतात, तिथवर ठीक. त्यांना यंत्राजवळ जाऊ देऊ नये. एखादी उठते, टचस्क्रीनकडे ढुंकूनही पाहत नाही, ट्रे उपसून हातात घेते आणि म्हणते, “लाइट गेली तं पंखा बंद. मंग खालच्या ट्रेतली भाजन अन् वरची ओलीच राहीन. काय करशीन?” पोट्ट्याला उत्तर येत नाही. ती पुढे विचारते, “एका खेपेले किती कट्टे? जाई धुयाले निंघते का?” पोट्टा वही काढतो. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तो न सांगता काही लिहून घेत असतो, आणि तेही पाहुणे व्यासपीठावर बसलेले असताना! सूत्रसंचालकाला खूण करून लगेच आभारप्रदर्शन सुरू करून घ्यावे.

प्रश्न विचारण्याची ही खोड अमरावती जिल्ह्यात जुनी आहे, हे मान्य केले पाहिजे. १८७६ साली शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा गावात येत ते खराटा घेऊन. आधी गाव झाडत. रात्री कीर्तनात वऱ्हाडीतून लोकांनाच प्रश्न विचारत आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढत. पाया पडू देत नसत, आपण कोणाचे गुरू नाही म्हणत, आणि काम झाले की निघून जात. आजच्या कोष्टकात बसवून पाहिले तर या पद्धतीत फारच त्रुटी. सत्कार नाही, सही नाही, मेंटॉरिंगच्या तासांची नोंद नाही. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव दिले गेले, पण नाव देणे वेगळे आणि पॅनलवर घेणे वेगळे. टेकस्टार्सवाल्यांनी मेंटॉरांसाठी जो जाहीरनामा केला आहे त्यातही सांगण्यापेक्षा विचारा आणि बदल्यात काही अपेक्षू नका, असेच म्हटले आहे. परदेशी माणसे कधी कधी फार भाबडी असतात.

कारण बदल्यात हिस्सा मागायचाच असतो. कॅलिफोर्नियातली वाय कॉम्बिनेटर ही तशीच संस्था ७ टक्के घेते आणि सव्वा लाख डॉलर मोजते. आपण ५ टक्के घ्यावेत आणि पुण्यातल्या मित्राचा नंबर द्यावा. मित्र फोन उचलत नसेल तर तो मोठा माणूस आहे एवढे तरी सिद्ध होते.

पुढे ऑगस्टात पोट्ट्याचा फोन लागेनासा होतो. ॲप बंद पडलेले असते. कुणी सांगते, त्याने टचस्क्रीन विकून बॅटरी घेतली, जाळ्या सुट्या केल्या आणि ड्रायर बायांच्या दालमिलीशेजारी टिनाच्या शेडात नेऊन बसवला. भर पावसात तूर वाळते आहे. खात्री करायला तिकडे जाऊ नये, रस्ता खराब असतो. नोंदवहीत ‘मेंटी संपर्कात नाही’ असा शेरा मारावा, त्या महिन्याचे चार तास भरावेत आणि सही करावी.