जी-एच सर

सरांचं खरं नाव शाळेच्या मस्टरवर असेल. आमच्यासाठी ते जी-एच सर. टोपणनाव त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा राग नव्हता. एकदा कुणीतरी ते फळ्यावर लिहून ठेवलं, तर सरांनी खडू घेऊन दोन अक्षरांच्या मधली राहिलेली आडवी रेघ तेवढी काढून दिली आणि तास सुरू केला.

तालुक्याच्या गावी इंग्रजीचे मास्तर दोन जातींचे. एक तर्खडकरी, त्यांचा जीव काळ आणि प्रयोगात. दुसरे शब्दवाले. सर पक्के शब्दवाले. वाक्यात त्यांना फारसा रस नसे. शब्द दिसला की उपवर मुलीच्या बापासारखे आधी कूळ विचारणार. कुठली अक्षरं? के-एन? म्हणजे घराणं मोठं, पण के मुका. पंगतीला पहिल्या पाटावर बसतो, बोलत काही नाही. मग सगळे भाऊबंद हजर व्हायचे. नाइफ म्हणजे सुरी, नी म्हणजे गुडघा, नॉट म्हणजे गाठ, नेव्ह म्हणजे लबाड. "नेव्ह" म्हणताना सरांची नजर माझ्याकडे का वळायची, हे अजून कळलेलं नाही.

पण ही सगळी लांबची पाहुणेमंडळी. सरांचं स्वतःचं घर म्हणजे ओ-यू-जी-एच. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे, आणि पाचवीतल्या पोरांना सर ही चार अक्षरं पाढ्यासारखी घोकायला लावत. टी ओ यू जी एच टफ, टफ म्हणजे चिवट. डी ओ यू जी एच डो, डो म्हणजे मळलेली कणीक. पी एल ओ यू जी एच प्लाउ, प्लाउ म्हणजे नांगर. टी आर ओ यू जी एच ट्रॉफ, ट्रॉफ म्हणजे गव्हाण. डी आर ओ यू जी एच टी ड्राउट, ड्राउट म्हणजे दुष्काळ. शेवटी एनफ, म्हणजे पुरे. मग खडू ठेवून म्हणायचे, "बघा रे, कुणब्याचा आख्खा जन्म चार अक्षरांत बसवलाय साहेबानं. आणि दर वेळी उच्चार वेगळा. दुष्काळ तरी दर वेळी सारखा कुठं असतो?"

असं का, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की त्या दिवशी पुढचा तास गणिताचा होत नसे. सर थेट चॉसरपर्यंत जायचे. "ज्ञानेश्वरी लिहून शंभर वर्षं होत आली होती, तेव्हाचा हा माणूस. तो नाइट म्हणत नसे, निख्त म्हणे. ख! घशातून!" आणि सर तो ख काढून दाखवायचे. पहिल्या बाकावरची मुलं या ठिकाणी शिस्तीत मागं सरकत. पुढं १४७६ साली कॅक्स्टननं लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि छापता छापता स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली. लोकांच्या तोंडातला ख मात्र विरघळतच राहिला. कुठं साफ गप्प झाला, कुठं त्याचा फ झाला. "अक्षरं राहिली, आवाज गेला. वाडा आहे, माणसं पुण्याला." हे वाक्य म्हणताना सरांचा स्वर खरोखर खाली यायचा.

तोतये मात्र त्यांना खपत नसत. डिलाइटमध्ये मुळात जी-एच नव्हतं, लाइटच्या नादानं चिकटलं. हिकप म्हणजे उचकी, ती साधी यू-पीची पोर, पण तिलाही कुणीतरी खोकल्याची बहीण समजून ओ-यू-जी-एच नेसवलं. आणि अमेरिकेतल्या वेबस्टरचं नाव सर घरभेद्यासारखं घ्यायचे, कारण त्यानं कोशात नांगराचं जी-एच उपटून तिथं डब्ल्यू बसवला.

घरीही सुटका नव्हती. काकू सोमवारी नक्त करायच्या. सरांनी एकदा त्यांना सांगितलं की नक्त, निख्त आणि जर्मन नाख्ट ही सख्खी भावंडं, अष्ट आणि एट तशीच, दुहिता आणि डॉटर तशीच. काकू म्हणाल्या, "असतील. पण त्यातल्या एकीला तरी दूध आणायला पाठवा."

सरांच्या शिकवणीचा फटका मला पुण्यात बसला. नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी स्वतःबद्दल दोन शब्द सांगायला सांगितले. माझ्याकडे गव्हाण होती, नांगर होता, दुष्काळ होता, कणीकसुद्धा होती. वाक्य नव्हतं. ती नोकरी मिळाली नाही.

२००० साली राज्यात इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं तेव्हा सर निवृत्त होऊन घरी बसले होते. चार इयत्ता हातून निसटल्याचं दुःख त्यांनी शेजारच्या पोरांवर भागवून घेतलं.

गेल्या पावसाळ्यात गावी गेलो तर कळलं, सरांचा खोकला हटत नाही. मीच स्कूटरवरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण, नवा, घाईतला.

"आजोबा, कफ किती दिवस आहे?"

"कुठला?"

"कफ हो."

"कफ तीन आहेत," सर म्हणाले. "एक सी-यू-डबल-एफ, तो शर्टाच्या बाहीला असतो. माझा उसवलाय, पण तो तुमचा विषय नव्हे. दुसरा आपला संस्कृतातला, वात पित्त कफ, तो छातीत साठतो. तिसरा ओ-यू-जी-एच, म्हणजे खोकला. दुसऱ्या-तिसऱ्याचं तोंड सारखं दिसतं, पण नातं काहीही नाही. बोला, कुठला?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरकडे पाहिलं. बाहेर बाकावर अकरा पेशंट होते.

"तिसरा," मी म्हणालो.

"आठ दिवस," सर म्हणाले.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप पाठीला लावला आणि खोकायला सांगितलं. सरांनी छाती भरून श्वास घेतला. आधी नुसतीच घरघर झाली, मग घशाच्या तळातून एक लांब, खरखरीत, जुनाट ख्ख्ख बाहेर पडला. डॉक्टर अर्धं पाऊल मागं सरकले, पहिल्या बाकासारखेच. सरांचे डोळे पाण्यानं भरले होते. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"ऐकलंस?" ते धापा टाकत म्हणाले. "हाच तो. मूळचा जी-एच. अरे, चाळीस वर्षं वर्गात काढत होतो, पण इतका शुद्ध कधी निघाला नव्हता."

डॉक्टर औषध लिहायला लागले तसे सर जरा अस्वस्थ झाले.

"फार जोराचं देऊ नका," ते म्हणाले. "उद्या शेजारची पोरं यायची आहेत."