थांबलेल्या पायलटांसाठी घरगुती मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. म्हणजे विमान चालवायला एकदा शिकले, अर्ध्यात सोडलं आणि आता पुन्हा नवशिके झाले, अशांसाठी. कोरा नवशिका सुखी असतो. त्याला काही येत नसतं आणि तसं त्याला माहीतही असतं.

साहित्य: जुनं लॉगबुक (वाळवी न लागलेलं), मुदत संपलेला विद्यार्थी परवाना (उपयोग शून्य, पण टाकवत नाही), एक पाट, एक लाटणं, कांद्याची चाळ आणि टोमॅटोचा एक चांगला हंगाम. शेवटचा जिन्नस दुकानात मिळत नाही. मला तो 2023 च्या जुलैत मिळाला. नारायणगावच्या बाजारात 20 किलोच्या क्रेटचा भाव तेव्हा 2,000 च्या वर गेला होता. आमची वाडी आंबेगाव तालुक्यात आणि बाजार जुन्नर तालुक्यात, त्यामुळे पीक एकीकडे आणि आनंद दुसरीकडे अशी आमची कायमची विभागणी.

उड्डाणाच्या तासाचा भाव पाच आकडी असतो. तो रुपयांत मोजू नये, छाती दडपते. क्रेटमध्ये मोजावा. एरवी 200 रुपयांनी क्रेट जातो तेव्हा 15,000 चा एक तास म्हणजे 75 क्रेट. त्या जुलैत तेवढ्याच तासाला साडेसात. हे गणित जुळलं त्या रात्री मी माळ्यावरून लॉगबुक खाली काढलं.

पहिली पायरी: गावाला सांगू नये. सांगून उपयोगही नाही, कारण गावाच्या लेखी तुम्ही कधी थांबलेलेच नसता. मी 2014 मध्ये बारामतीच्या विमान प्रशिक्षणातून परत आलो तेव्हा माझे उड्डाणाचे 62 तास झाले होते. वडिलांचं दुखणं, पैसा, पुन्हा वडिलांचं दुखणं. त्या कारणांत इथे जात नाही. पण गावानं मला परवाना आधीच देऊन टाकला होता. नऊ वर्षं मी पिकअप चालवली आणि नऊ वर्षं बाजारातला हमाल ओरडत होता, "ए पायलट, गाडी मागं घे!"

दुसरी पायरी कागदांची. ती लवकर उरकतो, कारण तुमची ती उरकणार नाही. वैद्यकीय तपासणी नव्यानं करावी लागते, आधी क्लास टू, मग क्लास वन. डोळे, कान, ईसीजी, वजन. नऊ वर्षांच्या मासवडीचा हिशेब इथे द्यावा लागतो. नेव्हिगेशन, हवामान, नियम आणि तांत्रिक विषय यांचे पेपर आपण एकदा पास झालो होतो, ही आठवण कामाची नाही. पास होण्यालाही मुदत असते. जुन्या तासांचं काय धरायचं हे नियम आणि तारीख बघून ठरतं. मी माझे 62 तास हिशेबात धरलेच नाहीत, फक्त मनात धरले. व्यावसायिक परवान्याला 200 तास लागतात. 200 वजा शून्य, असं वहीच्या मागच्या पानावर लिहून टाकावं.

तिसरी पायरी, आणि यात घाई नको: बांधावरचं सर्किट. धावपट्टीवरून उडायचं, डावीकडे दोनदा वळून धावपट्टीला समांतर उलट जायचं, पुन्हा दोनदा वळून उतरायचं, या चौकोनाला सर्किट म्हणतात. शिकाऊ पायलटचं अर्धं आयुष्य त्यात जातं. प्रत्यक्ष विमानात ते करायला एरवी तासाला 75 क्रेट पडतात, बांधावर फुकट आहे. गोठ्यापासून टेकऑफ घ्यावा. विहिरीपाशी डावीकडे क्रॉसविंड. कांद्याच्या चाळीच्या कडेनं डाउनविंड. चालता चालता मोठ्यानं तपासणी म्हणावी: ब्रेक, मिक्स्चर, इंधन, पट्टे. चाळ संपली की वेग कमी, फ्लॅप पहिला टप्पा, बेसवर वळावं. आंब्यापाशी फायनल. गोठा समोर दिसतो. वेग 65 नॉट, नजर गोठ्याच्या दारावर नव्हे, त्याच्याही पलीकडे, गव्हाणीवर.

पहिल्या आठवड्यात चुलते बांधावर येऊन उभे राहिले. "काय रं, बिबट्याचा माग काढतोस व्हय?"

"नाही तात्या, उतरतोय."

तात्यांनी गोठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आईला म्हणाले, "वैनी, पोराला ऊन लागलंय."

सूचना: रात्रीच्या उड्डाणाचा सराव बांधावर करू नये. आमच्याकडे ऊस आहे, उसात बिबट्या आहे आणि वन खातं अंधारात एकटं फिरू नका म्हणून सांगतं. अंधार पडल्यावर घरात पाटावर बसावं. उजव्या हातात लाटणं, तो थ्रॉटल. पायांखाली दोन उशा, ते रडर. डोळे मिटून इंजिन बंद पडल्याचं समजावं आणि शेत निवडावं. पोळ्यांच्या वेळी लाटणं परत द्यावं लागतं, तिथे सॉर्टी संपते.

चौथी पायरी, रेडिओ. हात विसरत नाहीत, तोंड विसरतं. विमानाची नोंदणी "व्हिक्टर टँगो" पासून सुरू होते एवढं आठवतं, पुढचं सगळं घशात अडकतं. यावर उपाय टोमॅटोचा लिलाव. तिथे अडत्या ज्या वेगानं बोलतो त्याच्यापुढे कुठलाही टॉवर संथ आहे. कान ठेवून ऐकावं आणि भाव लगेच परत म्हणून दाखवावा. टॉवरलाही हेच हवं असतं, सांगितलेलं जसंच्या तसं परत. इंग्रजी आकडे मात्र विमानाच्या पद्धतीनं म्हणावेत, तीनला "ट्री", पाचाला "फाइफ", नऊला "नाइनर". बाजारात असं म्हणू नये, मापात पाप आहे असं वाटतं.

खोडदच्या बाजूला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. तारे आणि दीर्घिकांमधून येणाऱ्या, अत्यंत क्षीण रेडिओ लहरी त्या ऐकतात. मी पिकअपमध्ये तिथून जाताना काचा वर करून रेडिओवरच्या बोलण्याचा सराव करायचो. माझं बोलणं त्यांनाही कळलं नसतं.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष विमान. पहाटे निघावं, शिरूर, न्हावरा, चौफुला करत बारामती गाठावी. सकाळची हवा शांत असते. जमीन तापली की छोटं विमान खडीच्या रस्त्यावरच्या पिकअपसारखं हादरतं. पोचल्यावर पंखाखालचा इंधनाचा कॉक दाबून नमुना काढावा. अ‍ॅवगॅस फिकट निळं असतं. नळी उजेडाकडे धरून तळाशी पाण्याचा थेंब आहे का बघावं. रात्रीच्या गारव्यात अर्धवट भरलेल्या टाकीत दव धरतं. नऊ वर्षांनी ती निळी नळी डोळ्यांसमोर धरली तेव्हा हात थोडा हलत होता. थंडी होती, असं मी प्रशिक्षकाला सांगितलं.

प्रशिक्षक 26 वर्षांचा होता, माझ्या भाच्याच्या वर्गात शोभेल असा. मी त्याला सर म्हणालो. तोही मला सर म्हणाला. दोन सर एका सेसनात बसले. रनवेपर्यंत जाताना मी उजवीकडे वळण्यासाठी हातातलं योक उजवीकडे फिरवलं आणि विमान सरळ गवताकडे निघालं. जमिनीवर विमान पायांनी वळतं, रडरच्या पेडलांनी. ट्रॅक्टर आणि पिकअप यांनी नऊ वर्षांत माझे पाय फक्त ब्रेकचे करून टाकले होते. त्यानं पेडल दाबून विमान मध्यरेषेवर आणलं आणि शांतपणे म्हणाला, "दादा, हात मांडीवर ठेवा." तिथून पुढे दादा.

हवेत मात्र सगळं परत आलं, आणि धोका तिथेच असतो. स्टॉल केला. (अडाण्यांसाठी: स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. नाक फार वर केलं की पंखाला हवा नीट चिकटून वाहत नाही आणि उचल मोडते, इंजिन पूर्ण जोरात असलं तरी.) नाक खाली, पॉवर, पंख सरळ, हातांनी आपणहून केलं. मला वाटलं, झालं की. मी आलो परत.

नवव्या तासाला, सरावक्षेत्रातून परतताना, मी रेडिओवर ऐटीत सांगितलं की धावपट्टी दिसतेय, आणि थ्रॉटल मागे ओढायला हात घातला. तो अर्ध्यातच अडला. प्रशिक्षकानं थ्रॉटलच्या मागे दोन बोटं आडवी धरली होती. समोर कालव्याकडेचा सरळ करडा रस्ता होता आणि त्यावरून उसाची ट्रॉली चालली होती.

"दादा," तो म्हणाला, "अजून सात मैल."

सहावी पायरी मी पूर्वी या मार्गदर्शिकेत घातली नव्हती. आजोबा बांधावरच्या आंब्याचं वय सांगताना म्हणायचे, "इमान पडलं त्या सालचा." ते साल 1962. सात जुलैच्या मध्यरात्रीनंतर अलितालियाचं डीसी-8 बँकॉकहून मुंबईला येत असताना जुन्नरच्या डोंगरात आदळलं. अहवालांत त्या डोंगराचं नाव ‘दवंड्याची’ असं उतरलंय. 94 माणसं होती, एकही वाचलं नाही. मुंबई तिथून सुमारे 84 किलोमीटर होती. विमान धड होतं, इंजिनं चालू होती. आपण मुंबईच्या जवळ आलो असा वैमानिकांचा समज झाला, म्हणून त्यांनी अंधारात उंची सोडायला लवकर सुरुवात केली. डोंगर सुमारे 3,600 फुटांचा. तिथे तो होताच, नकाशावरही आणि जमिनीवरही.

तेव्हा आता मी पाटावर बसल्यावर आधी उंचीमापकाचा दाब लावतो. 10 मिलिबारची चूक म्हणजे सुमारे 300 फुटांची चूक. मग घड्याळ बघतो, निघून किती मिनिटं झाली, वेग किती, म्हणजे अंतर किती. मग नकाशावर बोट ठेवतो. मग खिडकीबाहेर बघतो. खुणेच्या दोन गोष्टी जुळल्याशिवाय लाटणं मागे ओढायचं नाही. आई पीठ मळून तिष्ठत बसते.

परवा तिनं विचारलं, "किती झालं रं तुझं?"

"नऊ तास."

"आन लागत्यात किती?"

"200."

तिनं माझ्या हातातून लाटणं घेतलं. "नऊ झालं? मग आलं की जवळ."

"नाही गं," मी म्हणालो. "लांब आहे अजून. 191."