तव्यावरचा सीमाप्रश्न

बेळगावात पत्ता सांगायचा तर गल्ली लागते. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली. देव संपले की खडेबाजार. चंडीगडात गल्ली नाही आणि देवही नाही, नुसते आकडे. ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदानं १९५१ साली या शहराचं काम हातात घेतलं आणि आठशे मीटर रुंद, बाराशे मीटर लांब अशा चौकटी आखून त्यांना नंबर देऊन टाकले. माणसं एकमेकांना विचारतात, "तुम्ही किती?" आणि समोरचा न रागावता "बावीस" म्हणतो. मूळ आराखड्यात १३ नंबरचा सेक्टरच नव्हता, हे कळल्यावर मात्र आमच्या सौभाग्यवतींचा या शहरावर एकदम विश्वास बसला. "म्हणजे बघून-सवरून बांधलंय," त्या म्हणाल्या.

आम्ही आलो होतो कर्नाटक संपर्क क्रांतीनं. बेळगावच्या मराठी माणसानं या नावाच्या गाडीत बसून पानिपत ओलांडायचं म्हणजे एका तिकिटात दोन दुखणी. स्टेशनवर न्यायला दाजी आले होते. दाजी हवाई दलात, अक्का त्यांच्यामागे गावोगाव संसार हलवण्यात तरबेज. सामान गाडीत ठेवता ठेवताच दाजींनी जाहीर केलं, "उद्या रात्री जपानी. सेक्टर सव्वीसला नवीन निघालंय. समोर तवा, भोवती आपण, आणि आचारी आपल्यासमोर करून वाढणार. तेप्पनयाकी!"

"अस्सल आहे का पण?" मी विचारलं. मिसळ असो की मल्ल, आमच्या भागात हा प्रश्न आधी विचारतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी वातावरणनिर्मितीसाठी अक्कानं आम्हांला सेक्टर ३१ मधली जपानी बाग दाखवली. पॅगोडा, पूल, धबधबा, सगळं जागच्या जागी. ही बाग २०१४ साली खुली झाली. तेव्हा चंडीगडचे प्रशासक होते आपले लातूरचे शिवराज पाटील. हे ऐकताच मला त्या पॅगोड्याबद्दल आपलेपणा वाटायला लागला. मराठी माणसाला परमुलखात आपलेपणा वाटायला एक आडनाव पुरतं.

रात्री सेक्टर सव्वीसच्या मध्य मार्गावर पोचलो. दाजींचे स्नेही, मोहालीचे निवृत्त कर्नलसाहेब, आधीच हजर होते. टेबलं रिकामी दिसत होती, तरी आम्हांला बारपाशी बसवण्यात आलं, कारण एका तव्याभोवती आठ खुर्च्या आणि आम्ही पाच. आठ झाल्याशिवाय तवा तापत नाही. मला हा अपमान वाटला. पण यामागे मोठं शास्त्र आहे. न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली रॉकी आओकी नावाच्या जपानी कुस्तीगिरानं आइस्क्रीमची गाडी चालवून जमवलेल्या पैशांवर 'बेनिहाना' हे तव्याचं हॉटेल काढलं. ते इतकं चाललं, की हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेनं १९७२ साली त्याच्यावर धडा तयार केला आणि तो पुढं वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिकवला गेला. धड्याचं सार असं: गिऱ्हाइकं आठ-आठच्या गटानं बसवा, तोवर बारमध्ये पेयं विका, आणि आचाऱ्यालाच वाढपी आणि नट करा म्हणजे तीन पगारांचं काम एकात भागतं. आमच्या लग्नाच्या पंगतीत "ओळ भरू दे, मग वाढा" असं ओरडणारे काका हार्वर्डला न जाताच हे जाणून होते.

ओळ अखेर भरली. पंचकुल्याचं एक जोडपं आणि त्यांच्या माताजी येऊन बसल्या. कर्नलसाहेबांनी त्यांच्याकडं पाहून हात जोडले आणि माझ्या कानात म्हणाले, "हरियाणा." मोहाली पंजाबात आणि पंचकुला हरियाणात, हे मला तेव्हा कळलं. १ नोव्हेंबर १९६६ ला पंजाबाची फेररचना झाली, हरियाणा वेगळा निघाला, चंडीगड दोघांचीही राजधानी झालं आणि स्वतः मात्र केंद्राकडं गेलं. मी कर्नलसाहेबांना सांगितलं, की १ नोव्हेंबर आम्हांलाही ठाऊक आहे. १९५६ साली त्याच तारखेला बेळगाव कानडी राज्यात गेलं आणि सीमाभागातला मराठी माणूस अजून तो काळा दिवस पाळतो. कर्नलसाहेबांनी एकदम माझा हात दाबला. सीमाप्रश्नाचा अनुभव असलेली माणसं जगात कुठंही एकमेकांना ओळखतात.

आचारी आला. उंच पांढरी टोपी, कमरेला सुऱ्या, आणि वाकून खणखणीत "इरास्शाइमासे!" सौभाग्यवती हरखल्या. मी हळूच विचारलं, "जपान से?" तो म्हणाला, "टिहरी गढवाल, सर." मग त्यानं जपानी चेहरा बाजूला ठेवून अस्सल भारतीय प्रश्न विचारला, "व्हेज-नॉनव्हेज कौन कौन?"

इथं परिषद भरली. माताजी शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. सौभाग्यवती शाकाहारी, पण कांद्याला हरकत नाही. अक्का एरवी सगळं खाते, पण आज गुरुवार. कर्नलसाहेब कोंबडी आणि कोळंबी. दाजी म्हणाले, "मी कर्नलसाहेबांबरोबर." "माताजी के लिए तवा अलग होगा ना?" मुलानं विचारलं. आचारी शांतपणे म्हणाला, "तवा एक है, सर. बॉर्डर बना देते हैं." त्यानं मुठीत मीठ घेतलं आणि चकचकीत तव्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढली. पलीकडं हरियाणा, अलीकडं पंजाब, आणि स्वतः आचारी दोन्हींकडं हात पोचेल असा मध्ये, केंद्रशासित. आम्ही बेळगावकर नेमके रेघेवर बसलो होतो. सवयीचीच जागा.

खेळ सुरू झाला. उलथणी एकमेकांवर ठेका धरू लागली. अंडं तव्यावर भोवऱ्यासारखं फिरलं, हवेत उडालं आणि उलथण्याच्या धारेवर पडून फुटलं. माताजींनी डोळे मिटून रामनाम घेतलं. मग कांद्याच्या चकत्या एकावर एक रचून त्यानं डोंगर केला, आत काहीतरी ओतलं आणि काडी लावली. भडका छतापर्यंत गेला. "फुजियामा!" आचारी ओरडला. सगळ्यांनी फोन काढले. ज्या कांद्यानं १९९८ साली दिल्लीचं सरकार पाडायला हातभार लावला, तो इथं गुमान ज्वालामुखी होऊन बसला होता. ज्वालामुखी पंजाबात पेटला होता, पण धूर सरळ हरियाणात गेला. माताजींनी पदर नाकाला लावला आणि लेकाकडं अशा नजरेनं पाहिलं, की सुनेनं ताबडतोब पाणी मागवलं.

पुढचा भाग नेमबाजीचा. आचारी उलथण्यावरून घास उडवतो आणि गिऱ्हाइकानं तो तोंडात झेलायचा असतो. कर्नलसाहेब सावधान होऊन बसले आणि त्यांनी आ केला. कोळंबी आली ती थेट मिशीत. त्यांनी ती मिशीतून काढून खाल्ली आणि म्हणाले, "कैच इज कैच." माझ्या वाट्याला ब्रोकोलीचा तुरा होता. तो चष्म्यावर बसला. माताजींच्या चिरंजीवांनी पनीरचा तुकडा मात्र हवेतल्या हवेत टिपला आणि टाळ्या घेतल्या. हरियाणा खेळात पुढं का असतो, ते समजलं.

पनीर? होय. जपानातल्या कोबे शहराचं नाव जगभर गाजलं गोमांसामुळं. ते चंडीगडात तव्यावर यायचं कारणच नाही. त्याच्या गादीवर पनीर बसलं होतं. सोबतीला मशरूम, बेबी कॉर्न, ढोबळी मिरची. मी पुन्हा कुरकुरलो, "हे अस्सल कुठलं?" तेव्हा दाजींनी, हवाई दलाच्या मेसमध्ये मिळवलेलं सगळं ज्ञान पणाला लावून, मला गप्प केलं. हा प्रकार कोबेच्याच 'मिसोनो' या हॉटेलानं १९४५ साली सुरू केला असं मानतात. जपान्यांना त्याचं फारसं कौतुक नव्हतं. युद्धानंतर तळ ठोकून बसलेल्या अमेरिकनांना मात्र खाण्याइतकीच सुऱ्यांची कसरत आवडली. म्हणजे पाहुण्यांच्या आवडीनं वाढलेला पदार्थ, अमेरिकेत जाऊन आणखी नाटकी झाला आणि गढवाली हातांनी चंडीगडात पोचला. "आता सांग, अस्सल कुठं शोधायचं?" दाजी म्हणाले. बेळगावच्या माणसानं शुद्धतेचा आग्रह धरू नये, हे मलाही पटलं. आमचं मराठी कानडी हेलाशिवाय घराबाहेर पडत नाही.

शेवटी भात आला. लोण्याचा गोळा, सोया सॉस, भाज्या, आणि उलथण्याच्या चार फटक्यांत भाताचं बदामाच्या आकाराचं हृदय. आचारी खालून उलथणं हलवायचा आणि हृदय धडधडायचं. कर्नलसाहेब म्हणाले, "मक्खन थोड़ा और." दुसरा गोळा पडला. तिसरा पडला. तेव्हा जे व्हायचं ते झालं. वितळलेलं लोणी मिठाच्या रेघेखालून शांतपणे पलीकडं गेलं. रेघ विरघळली. कुठलं लोणी कुणाचं, हे केंद्रालाही सांगता येईना. टेबलावर क्षणभर तणाव पसरला. आचाऱ्यानं चपळाईनं माताजींचा भात वेगळ्या कढईत, आतल्या स्वयंपाकघरात, नव्यानं करून आणला. इतक्या लवकर सुटलेला सीमाप्रश्न मी तरी दुसरा पाहिला नाही.

जेवण कसं होतं? कोबी कुरकुरीत, मशरूम रसाळ, भात उत्तम, पनीर पंजाबातलं असल्यामुळं निर्विवाद. कर्नलसाहेबांनी शेवटी रोटी मागितली आणि ती नाही म्हटल्यावर त्यांचा जपानवरचा विश्वास थोडा डळमळला. सौभाग्यवती त्या लांबरुंद तव्याकडं पाहून म्हणाल्या, "यावर एका वेळी वीस भाकऱ्या होतील की." बिल दाजींनी दिलं, त्यामुळं त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

चंडीगडला गेलात तर जरूर जा. पोटात दोन घास ढकलून जा, कारण आठ माणसं कधी जमतील ते आपल्या हातात नसतं. सुती कपडे घाला, चष्मा खिशात ठेवा. घरात कुणी कडक शाकाहारी असेल तर मिठाच्या रेघेवर विसंबू नका, तवा वेगळा मिळतो का ते बसण्याआधी विचारा. आणि 'अस्सल जपानी आहे का' हे मात्र विचारू नका. तव्यावरून ताटात आलेलं गरम असतानाच खा, उत्तराची वाट पाहिलीत तर ते गार होईल.