अ अननसाचा, म मोहाचा

आपलं मूल शाळेत न घालता घरीच शिकवायचं, असं ठरवणारी जोडपी पुण्यामुंबईत बरीच आहेत, आता नागपुरातही निघाली आहेत. निर्णय धाडसाचा खरा, पण त्याहून कठीण काम पुढे असतं, ते अभ्यासक्रम निवडण्याचं. माँटेसरी घ्यावी की वाल्डॉर्फ, आधी लाकडी ठोकळे की आधी वाळूतली अक्षरं, इंग्रजीचे उच्चार लंडनचे की न्यूयॉर्कचे, आणि फ्रेंच तिसऱ्या वर्षी सुरू केली तर फार उशीर तर होणार नाही ना? एवढी चौकशी लग्नाच्या वेळी स्थळाचीही झालेली नसते. या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट मात्र कोणी निवडत बसत नाही, कारण ती आधीपासूनच घरात मांडी घालून बसलेली असते. ती म्हणजे घरात बोलली जाणारी भाषा. तिच्यात मूल भूक सांगतं, हट्ट करतं आणि खोटंही बोलतं. (चार वर्षांच्या पोराला बिनचूक खोटं बोलता येणं, हे भाषा आल्याचं माझ्या मते सर्वांत खात्रीचं प्रमाणपत्र.) ही भाषा फुकट आलेली असते, आणि फुकटच्या वस्तूचा आपल्याकडे तपशिलात उल्लेख करत नाहीत.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगाव नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने २०१९ साली नेमका हा उल्लेख केला. मुलं घरी गोंडी बोलतात, तर शिकायला सुरुवातही गोंडीतूनच करू द्यावी, असं ठरवून गावाने स्वतःची शाळा काढली. नाव ठेवलं ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल’. नाव लांब आहे, पण शहरातल्या इंटरनॅशनल शाळांच्या नावांपेक्षा त्याला अर्थ जास्त आहे. २०२२ साली शिक्षण खात्याची नोटीस आली की शाळा अनधिकृत आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मान्यतेविना शाळा चालवणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो, आणि तरीही चालूच ठेवली तर रोजचे दहा हजारांपर्यंत. मोहफुलं वेचून हा दंड फेडायचा तर उन्हाळा बारमाही करावा लागेल. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. एका मुलाला फ्लॅटमध्ये शिकवलं तर तो प्रयोग ठरतो, त्यावर पुरवण्यांमध्ये लेख येतात, आणि पुढे मुक्त विद्यालयातून परीक्षा देण्याची वाटही सापडते. गावातल्या मुलांना एका छपराखाली बसवून शिकवलं की मात्र अनधिकृत शाळा होते. थोडक्यात, घर जितकं लहान तितकं कायद्याचं लक्ष कमी.

याच धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं हे गाव. २००९ साली वनहक्क कायद्याखाली त्याला १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. म्हणजे अठराशे हेक्टरातला बांबू राखायला, तोडायला, विकायला आणि पैशापैशाचा हिशेब ठेवायला ग्रामसभा चालते. ‘अ’ कशाचा हे ठरवायला मात्र ती पुरेशी जाणती समजली जात नाही.

‘अ’ कशाचा, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. आपल्या तक्त्यात तो अननसाचा असतो, आणि अननस गडचिरोलीच्या जंगलात पिकत नाही. ‘आ’ आगगाडीचा. जिल्ह्यात आगगाडीचं स्टेशन म्हणाल तर वडसा-देसाईगंज, तेही उत्तरेच्या टोकाला. भामरागडच्या मुलाला तिथवर पोचायचं तर दोनशे किलोमीटरांहून लांब जावं लागतं. ‘ज’ जहाजाचा, त्याबद्दल बोलायलाच नको. अननस आगगाडीत घालून जहाजापर्यंत पोचवणाऱ्या कुणा मुंबईच्या दलालाने हा तक्ता तयार केला असावा, अशी मला दाट शंका आहे. तरी एवढ्यावर भागलं असतं, कारण न पाहिलेल्या वस्तूंचीही मुलांना गोडी असते. खरी अडचण पाहिलेल्या वस्तूंची आहे. ‘घ’ घराचा म्हणावं, तर गोंडीत घराला म्हणतात रोन. त्यात ‘घ’ औषधालाही नाही. ‘प’ पाण्याचा म्हणावं, तर पाण्याला म्हणतात येर. कुत्र्याला नाय, वाघाला पुली. झाडाला म्हणतात ‘मरा’. चारी बाजूंनी सागवान उभं असलेल्या वर्गात गुरुजींनी खिडकीबाहेर बोट दाखवून ‘हे काय?’ विचारलं आणि पोराने अचूक उत्तर दिलं, तर गुरुजींच्या मनाला काय यातना होतील, याची कल्पना करावी. गोंडी ही द्राविडी कुळातली. तेलुगू, कन्नड, तमिळ या तिच्या नात्यातल्या. मराठी तिची शेजारीण, आणि शेजारीण कितीही चांगली असली तरी तिच्या चुलीवर आपला हात आपसूक चालत नाही.

आता २०२५चा उन्हाळा आठवा. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा. महाराष्ट्र पेटून उठला. १७ जूनला शब्द मऊ करून निर्णय पुन्हा काढला, तरी कोणी ऐकलं नाही. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली गेली. त्या दोन-अडीच महिन्यांत आपण सगळेच बालमानसशास्त्रज्ञ झालो होतो. सहा वर्षांच्या जिवावर घरात न बोलली जाणारी भाषा लादू नका. आधी स्वतःच्या भाषेत वाचता-लिहिता येऊ द्या, मग हवी ती शिकवा. परकी भाषा फार लवकर आली तर दोन्हींचा गोंधळ होतो आणि मूल गप्प बसतं. मुद्दे बिनतोड होते, म्हणून तर सरकारने ऐकलं. माझं म्हणणं एवढंच की या मुद्द्यांतला ‘हिंदी’ हा शब्द खोडून तिथे ‘मराठी’ लिहा आणि कागद गडचिरोलीतल्याच एटापल्लीच्या माडिया गोंड मुलाच्या हातात द्या. त्याला एक काना-मात्रा बदलावी लागणार नाही. उलट त्याची बाजू आपल्यापेक्षा भक्कम ठरेल, कारण हिंदी आणि मराठीची निदान लिपी एक, कूळ एक, ‘घर’ दोन्हींत ‘घर’च. मुंबईत वाद तिसऱ्या भाषेचा चालला होता. त्या हिशेबात माडिया मुलाची पहिली भाषा मोजलीच गेली नव्हती. इंग्रजी तर २००० सालापासून आपल्याकडे पहिलीतच आहे. म्हणजे हिंदी आली असती तर ती त्याची चौथी.

यावर पहिला आक्षेप पोटाचा. गोंडी शिकून नोकरी कुठे मिळणार? आक्षेप खरा आहे आणि तो घेणारे बहुतेक वेळा त्या मुलांचेच आईबाप असतात, त्यामुळे त्याला हसण्याची माझी हिंमत नाही. तलाठ्याचा कागद मराठीत, कोर्टाचा निकाल इंग्रजीत आणि मोबाइलमधलं सगळं हिंदीत असताना बापाने इंग्रजी शाळेची पाटी बघून पाय थांबवला तर तो मूर्ख नव्हे, हिशेबी आहे. पण गोंडीतून सुरुवात करणं आणि गोंडीतच थांबणं या दोन गोष्टी आहेत. मोहगावातही माध्यम गोंडी असलं तरी मराठी आणि इंग्रजी हे विषय शिकवले जातात. नदी ओलांडायची म्हणून काठावरचं पाऊलच कापून टाका, असं नावाडी कधी सांगत नाही. युनेस्कोने मातृभाषेतून आरंभ करावा असं १९५३ साली सांगितलं. आपल्या राज्यघटनेत १९५६ साली कलम ३५०-क आलं आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, ही जबाबदारी राज्यांवर आली. ज्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८चा धाक मोहगावला दाखवला गेला, त्याच कायद्याचं कलम २९ म्हणतं की माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावी. अठरापासून एकोणतीसपर्यंत पानं उलटायला वेळ लागतो, हे मान्य. ओडिशाने मात्र ती उलटली आणि सुमारे २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांत प्राथमिक वर्ग सुरू केले.

दुसरा आक्षेप दर्जाचा: गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. नाही, हे खरं. २०११च्या जनगणनेत जवळपास तीस लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली, संस्कृत सांगितली २४,८२१ जणांनी. अनुसूचीतल्या बावीस भाषांत संस्कृत आहे, गोंडी नाही. संस्कृतचं काही काढून घ्या असं मी म्हणत नाही, तसं म्हणून गावात राहता येत नाही. पण अनुसूची ही पंगत आहे आणि पंगतीत कोण बसलं यावरून कोणाला भूक लागली हे कळत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत हुशारीचा, म्हणून विद्वानांचा लाडका: गोंडी म्हणजे कोणती गोंडी? धानोऱ्याची वेगळी, भामरागडची माडिया वेगळी; लिपी कोणती, देवनागरी की बालाघाटच्या मंगलसिंह मसरामांनी १९१८ साली घडवलेली, की शेजारच्या आदिलाबादेतल्या गुंजाळा गावात जुन्या पोथ्यांत सापडलेली? प्रश्न योग्य आहे. मला फक्त विचारायचंय, मराठी म्हणजे तरी कोणती मराठी? मूल-सिंदेवाहीकडच्या झाडीबोलीत ‘ण’ नाही आणि ‘ळ’ही नाही, पाण्याचं पानी होतं, डोळ्याचा डोरा. वडशाच्या नाटक मंडळ्या याच मुलखात रात्ररात्र मंडप भरून दाखवतात, प्रेक्षक पहाटेपर्यंत जागचे हलत नाहीत, आणि सकाळी त्याच प्रेक्षकाच्या पोट्ट्याने वहीत ‘पानी’ लिहिलं की लाल रेघ ओढली जाते. गडचिरोलीतच कोरचीकडे छत्तीसगढी ऐकू येते, चामोर्शी-मुलचेऱ्यात पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची बंगाली, सिरोंच्यात तेलुगू. सिरोंच्याचं मूल घरी एकवीसला ‘इरवै ओकटि’ म्हणतं, म्हणजे वीस एक. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ असं सोपं वाचन दिलं, तेव्हा मराठी संस्कृतीवर घाला आला म्हणून आपण केवढा गहजब केला! सिरोंच्यातल्या मुलांना बहुधा पहिल्यांदाच पुस्तक आपल्या घरचं वाटलं असेल. एका जिल्ह्यात एवढ्या भाषा असतील तर त्यावर मुंबईत बसून एकच अभ्यासक्रम निघणार नाही हे उघड आहे, आणि म्हणूनच तो निवडण्याचं काम गावाकडे असावं. विविधतेचा आक्षेप मोहगावच्या विरुद्ध नाही, बाजूने आहे.

एक आक्षेप मात्र मी निमूटपणे मान्य करतो. मान्यतेची अट काढून टाकली तर कोणीही उठेल आणि चार पत्रे ठोकून शाळा काढेल. मुलांच्या डोक्यावर छप्पर नीट आहे का, शिकवणाऱ्याला शिकवता येतं का, हे कोणीतरी बघायलाच हवं. बघावं. पण एक आठवण ठेवून: बालशिक्षणातल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं, तेव्हा वारली मुलं शाळेत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, आणि मुलं गुरं घेऊन कुरणात निघाली तर शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेले. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज सरकारी पाटीवर दिमाखात आहे. जन्माला आला तेव्हा तो चांगलाच अनधिकृत दिसत असणार. तपासणीला जायचंच, तर साहेबांनी मोहगावात मुक्काम करून सकाळच्या वर्गात बसावं आणि पोरांना काय येतं ते विचारावं. अडचण एवढीच की विचारायला साहेबांना आधी गोंडी शिकावी लागेल, आणि त्यांचं वय पाहता सुरुवात तक्त्यापासून करणं बरं.

त्या तक्त्यात ते ‘ण’पाशी थोडे अडखळतील. ‘ण’ने सुरू होणारा एकही शब्द घरगुती मराठीत नाही, म्हणून त्याला बाणाच्या शेपटाला बसवून ‘ण बाणाचा’ करून घेतलंय. झाडीपट्टीत तर बाणही ‘बान’ होतो, म्हणजे तिथूनही तो उठतो. तरी इतकी वर्षं तो आपल्या चौकोनात आरामात बसून आहे, आणि मान्यतेचा कागद त्याला अजून कोणी मागितलेला नाही.