मुक्काम पोस्ट भंडारा, राज्य विदर्भ

वसुली अधिकारी साहेब,


पदनाम चुकलं असेल तर माफ करा. सोमवारी आपण बँकेचे लीगल हेड असता, बुधवारी दिल्ली हायकोर्टाचे वकील आणि शनिवारी थेट इंटरपोल. आवाज तोच, मागे खडखडणारा पंखाही तोच, म्हणून एकाच पत्रात तिघांनाही लिहितो आहे.

आधी अभिनंदन स्वीकारा. माझ्या बहिणीला आपण व्हॉट्सॲपवर पाठवलेलं अटक वॉरंट मी चष्मा लावून वाचलं. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का आणि शिक्क्यात ‘डिस्ट्रिक्ट भंडारा, स्टेट विदर्भ’. साहेब, १९५५ साली फाजल अली आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. तेव्हापासून मोर्चे झाले, उपोषणं झाली, जाहीरनामे छापले गेले आणि निवडून आल्यावर ते हरवलेही. जे भल्याभल्यांना साधलं नाही ते आपण एका पीडीएफमध्ये करून टाकलंत. राजधानी नागपूरच ठेवली आहे ना, तेवढं फक्त कळवा. आणि हो, अशोकस्तंभ असा कुणीही कुठेही छापू नये म्हणून २००५ चा एक केंद्रीय कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण राज्यच नवीन म्हटल्यावर तिथे तो लागू होतो की नाही, हे मी शाळामास्तर काय सांगणार!

आता कर्जाबद्दल. ते नाहीच, असं मी म्हणणार नाही. माझा भाचा शारजात एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर होता. त्यानं तिथल्या बँकेचं पर्सनल लोन घेतलं आणि क्रेडिट कार्डही वापरलं. बहिणीचं लग्न, घराचा स्लॅब आणि एक सोन्याची चेन. चेन मला तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. पण देणारी बँक काही भोळीभाबडी नव्हती. पगाराच्या वीस पटींपर्यंत कर्ज आणि ४८ महिन्यांत फेड, असा तिथल्या मध्यवर्ती बँकेचा २०११ पासूनचा नियम आहे. त्याच्या बँकेनं पगार आपल्याच खात्यात वळवून घेतला, नोकरी सुटताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीवर हक्क लिहून घेतला आणि वर सही केलेला कोरा चेक फायलीत लावून ठेवला. धंदा म्हणून जोखीम घेतली, जोखमीचं व्याजही घेतलं.

मग २०२० आलं. कंपनीनं आधी पगार थकवले, मग शटर ओढलं. भाचा वंदे भारतनं परतला. रेल्वेगाडीनं नव्हे, त्या वर्षीच्या मे महिन्यात सरकारनं परदेशातल्या लोकांसाठी सोडलेल्या विमानांपैकी एकानं. खात्यात होतं नव्हतं ते बँकेनं वळतं करून घेतलं, हप्ते थांबले, कार्डाचं व्याज मात्र थांबलं नाही. आज आपण जो आकडा सांगता तो मुद्दलाच्या दुपटीच्याही पुढे गेला आहे. आमच्याकडे दामदुपट नावाची जुनी चाल होती. व्याज कितीही साचो, एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज मागायचं नाही. मुंबई इलाख्यातली कोर्टंसुद्धा ती पाळत. वाळवंटातल्या कार्डाला ती लागू नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्याला आपण रक्तपिपासू म्हणून नाटका-सिनेमांत हिणवलं, त्या गावच्या सावकाराच्या मानेवरही कधीकाळी एवढं जोखड होतं, ही माहिती आपल्या ज्ञानात भर म्हणून.

आपल्या कामाची पद्धत मात्र वाखाणण्याजोगी. ज्यानं कर्ज घेतलं त्याला आपण क्वचितच फोन करता. तो भंडाऱ्याजवळच्या एका राइस मिलमध्ये कामाला लागला आहे, त्याचा नंबर आपल्याकडे आहे, तो फोन उचलतोही. पण त्याच्याशी बोलण्यात आपल्याला गोडी वाटत नाही. आपण फोन करता त्याच्या आईला, बहिणीच्या सासऱ्याला, मिलच्या मालकाला आणि मला. मला तर आपण ‘गॅरंटर’ केलंत. तोंडी नाही, लेखी नाही, पण मामा या नात्यातच जामीनकी आली, असा आपला कायदा दिसतो.

आमच्या पोलीस पाटलालाही आपण सोडलं नाही. आपण म्हणालात, ‘सीनियर इन्स्पेक्टर बोल रहा हूँ.’ त्यानं विचारलं, ठाणं कोणतं? आपण छातीठोकपणे सांगितलंत, ‘भंडारा मेन ब्रांच.’ तेव्हापासून गावात ठाण्याला कुणी ठाणं म्हणत नाही.

आणि वेळ! भर रोवण्याच्या दिवसांत, आठ बाया गुडघाभर चिखलात वाकलेल्या असताना, पदरात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बहिणीचा फोन वाजला. ‘माताजी, आपका बेटा भगोड़ा है. पुलिस निकल चुकी है.’ बहीण म्हणाली, “निंगाली त येऊ द्या जी. पन बांधीत गाडी येत नाही, रोडावरच ठेवाले सांगजा.”

बाया हसल्या. बहीण त्या वेळी हसली, रात्री नाही. आपण पुढच्या फोनमध्ये घर जप्त करू, भांडीकुंडी उचलू, मुलगा सापडला नाही तर आईला आत टाकू, असं सांगितलंत. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “दादा, डोरलं देऊन टाकलं त मिटन का?” साहेब, हे वाक्य आपल्यापर्यंत पोचावं म्हणून मी हे पत्र उघडं लिहितो आहे. बंद पाकीट आपल्या कोणत्या पत्त्यावर धाडायचं, हा प्रश्न आहेच.

तर डोरल्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहिता नावाचं एक पुस्तक आहे, १९०८ सालचं. इंग्रजांनी केलेलं, म्हणजे त्यांना आमच्याबद्दल फार माया होती असं नव्हे. तरी त्यातलं कलम ६० वाचा. कोर्टानं पैशाचा हुकूमनामा दिला तरी ऋणको, त्याची बायको आणि मुलं यांचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईनं अंगावेगळे करू नयेत असे दागिने, यांना हात लावता येत नाही. शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं आणि तो राहतो ते घरही त्यात आहे. भांड्यांचं वाचून मला विशेष बरं वाटलं, कारण आमचं भंडारा पितळेच्या भांड्यांसाठीच ओळखलं जायचं. कलम ५६ तर अर्ध्या ओळीचं आहे, पैशाच्या हुकूमनाम्यापोटी बाईला अटक करता येत नाही. माझी बहीण ऋणको नाहीच, पण समजा असती, तरी तिला कोठडी नव्हती. आणि पुरुषालासुद्धा केवळ पैसे नाहीत म्हणून दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. त्यानं ऐपत असून बुडवलं हे दिसावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं हे १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात सांगितलं, आणि त्यातही समोर बँकच होती.

आपण दर फोनला ‘चेक बाउन्स, दुबईत सीधा जेल’ हेही ऐकवता. हे एकेकाळी खरं होतं, आणि त्या भीतीनं कितीतरी पोरं पुन्हा तिकडे फिरकली नाहीत. पण संयुक्त अरब अमिरातीनं स्वतःचाच कायदा बदलला. २ जानेवारी २०२२ पासून नुसते खात्यात पैसे नव्हते म्हणून परत गेलेला चेक हा तिथे सरसकट फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. बँकेला तो घेऊन वसुलीसाठी जाता येतं, ती गोष्ट वेगळी. अमीर बदलले, शेख बदलले, आपलं पाठ केलेलं भाषण तेवढं बदललं नाही. इंटरपोलचं तर बोलायलाच नको. तिची भारतातली कचेरी म्हणजे सीबीआय, आणि खासगी देण्याघेण्याच्या तंट्यांसाठी रेड नोटीस काढायची नाही, असं त्या संस्थेच्याच नियमांत लिहिलेलं आहे. आपल्या देशात सरकारी बँकांच्या प्रमुखांना कर्जदाराविरुद्ध लुकआउट नोटीस मागायचा जो अधिकार होता, तोही मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये काढून घेतला. बँकेच्या अध्यक्षाला जे करता येत नाही ते आपण रिचार्ज संपायच्या आत करून दाखवणार, याबद्दल शंका नाही.

रिझर्व्ह बँकेचे नियम मी मुद्दाम शेवटी ठेवले होते, कारण आपण ते उडवून लावणार हे ठाऊक होतं. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन नको, नातेवाईक आणि मित्रांना त्रास नको, चारचौघांत बदनामी नको, हे १२ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक. एजंटानं १०० तासांचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी, हा त्याआधीचा, २००८ चा दंडक. मी हे वाचून दाखवल्यावर आपण म्हणालात, ‘हमारा बैंक आरबीआय में नहीं आता.’ बिनतोड! बँक तिकडची म्हणून इकडचे नियम नाहीत, एजंट इकडचे म्हणून तिकडचे नाहीत. पण न्याय संहिता कोणत्या बँकेची शाखा बघून लागू होत नाही. धमकी ३५१, खंडणी ३०८, सरकारी माणसाचं सोंग २०४. आकडे आपल्याला आवडतात म्हणून दिले.

तरीही मी भाच्याला सांगितलं, बाबा रे, घेतलं ते द्यायचं. त्यानं बँकेला ईमेल केला, मुद्दल हप्त्यानं देतो म्हणाला. त्याचं उत्तर यायच्या आत आपला क्यूआर कोड आला. ‘आज रात तक आधा भर दो, केस क्लोज.’ तो स्कॅन केला तर नाव आलं एका मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाचं. शारजाची बँक स्क्रीनगार्ड कधीपासून लावायला लागली? बँकेचं अधिकारपत्र मागितलं, तर ते ‘कॉन्फिडेन्शियल’. म्हणजे माझ्या बहिणीचं कर्ज नसलेलं कर्ज साऱ्या गावाला ठाऊक, आणि आपली नेमणूक तेवढी गुपित!

गंमत अशी की आपल्याला सरळ रस्ता मोकळा आहे, आणि तो आमच्या सरकारनंच करून दिला आहे. १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनं अमिरातीतल्या कोर्टांचे हुकूमनामे दिवाणी संहितेच्या कलम ४४-अ खाली आणले. त्याआधी तिकडचा निकाल घेऊन इथे नव्यानं दावा लावावा लागे. आता तिथल्या कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि किती वसूल झालं, किती बाकी याचा त्याच कोर्टाचा दाखला एवढं घेऊन भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयात दरखास्त टाकायची. जणू भंडाऱ्याच्याच कोर्टानं निकाल दिला आहे अशा थाटात ती चालते. मात्र तिथे कलम १३ ची चाळणी आहे. भाच्याला नोटीस पोचली होती का, त्याचं म्हणणं ऐकलं का, निकाल पुरावा पाहून दिला की तो हजर नव्हता म्हणून आपोआप, हे तिथे विचारलं जाईल. मुदतीचाही प्रश्न निघेल. व्याजाचा हिशोब कागदावर मांडावा लागेल. आणि ज्याला आपण एवढे दिवस टाळलंत, तो कर्जदार स्वतः समोर उभा असेल.

मला वाटतं, आपली अडचण इथेच आहे. दरखास्तीत बाई रडत नाही. तिथे आईला फोन लावून चालत नाही, पोलीस पाटलाला दटावून चालत नाही. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांकडून खतं-रोखे हिसकून पेटवले, कारण सावकाराजवळ निदान कागद होता. आपल्याजवळ जाळण्याजोगंही काही दिसत नाही. तेव्हाच्या सावकारानंतर कायदे आले. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात कर्जदाराच्या मागे मागे फिरणं आणि त्याच्या दारापाशी घुटमळणं हासुद्धा छळ मानून गुन्हा ठरवला. फोन घुटमळतो तेव्हा त्याला काय म्हणायचं, ते त्या लोकांना सुचलं नसावं.

असो. आपल्या आवाजाच्या ध्वनिफिती, वॉरंटची पीडीएफ आणि त्या दुकानाचा क्यूआर कोड, असं सगळं सायबर हेल्पलाइन १९३० वर कळवून झालं आहे आणि ठाण्यात तक्रारीची पोचही मिळाली आहे. खऱ्या ठाण्यात, मेन ब्रांचमध्ये नाही. भाचा बँकेच्या उत्तराची वाट पाहतो आहे. ते आलं की बँकेच्या नावाच्या खात्यातच भरेल.

आपल्याला यायचं असेल तर जरूर या. गाडीनं येत असाल तर भंडारा रोड स्टेशनवर उतरा. पण ते स्टेशन वरठीला आहे, शहर तिथून पुढे बरंच लांब, तेव्हा ऑटो आधी ठरवून घ्या, नाहीतर वरठीचे ऑटोवाले आपल्यापेक्षा चांगली वसुली करतात. विमानानं आलात तर नागपूरहून महामार्ग ५३ नं साठेक किलोमीटर. येताना हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, बाकीचा दाखला, बँकेचं वकीलपत्र आणि स्वतःचं खरं नाव लिहिलेलं आधार कार्ड आणा. कार्डावर राज्य महाराष्ट्र असेल तरी चालेल.

आपला,
मामा
(आपल्या यादीतला ‘गॅरंटर नंबर दो’)
ता. लाखनी, जि. भंडारा